पुढची रिकामी सीट

देवापुढे बसून लिहिते आहे, म्हणून यात पदरचं एक अक्षर नाही. तुम्ही विश्वास ठेवाच असा माझा हट्ट नाही. माझी गाडी मी स्वतः चालवत होते, एवढंच म्हणते.

शनिवारची रात्र होती. शहराबाहेर पूल ओलांडला की एक वळण लागतं. तिथे माझ्या धाकट्या भावाची गाडी झाडावर आदळली.

गाडीत त्याचा जिवलग मित्र होता. ताडासारखा उंच, म्हणून सगळे त्याला लांबूच म्हणत. कुणाच्याही गाडीत बसला की आधी सीट पार मागे सरकवायचा. बेल्ट लाव म्हटलं की म्हणायचा, "ताई, माझ्या मापाचा अजून निघायचाय."

लांबू जागीच गेला.

धाकट्याला नुसतं खरचटलं. त्यानेच लांबूला बाहेर ओढून काढलं होतं, त्यामुळे लोक धावून आले तेव्हा दोघंही रस्त्यावर होते. पोलिसांनी धाकट्याला नळीत फुंकायला लावलं, मग रक्त घेतलं. तो भरपूर प्यायलेला होता. गाडी कोण चालवत होतं, असं विचारल्यावर एवढंच म्हणाला, आठवत नाही.

काही दिवसांनी जामीन झाला आणि मी त्याला माझ्या घरी आणलं. आई गेल्यावर मीच वाढवलंय त्याला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही वकीलबाईंकडे निघालो. तो मागे बसला. पुढे बसवत नाही म्हणाला. मी नेहमीसारखं कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं. जरा वेळाने वाटलं, आज झांज तालाला सोडून वाजतेय...

टिंग... टिंग... टिंग...

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

झांज वाजतच राहिली.

पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की गाडी असा आवाज करते. सीटवर माझी पर्ससुद्धा नव्हती.

वाटेतच आमचा नेहमीचा मेकॅनिक. त्याने सीटखाली हात घातला, काहीतरी उपटलं आणि हसला. म्हणाला, वायरच काढून टाकली ताई, आता हत्ती बसला तरी वाजणार नाही.

गॅरेजमधून बाहेर पडलो. पहिलं वळण घेतलं. आणि...

टिंग... टिंग...

मी शेजारी पाहिलं. सीट पार मागे गेली होती.

मेकॅनिकने सरकवली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. आरशात धाकट्याचा चेहरा कागदासारखा पांढरा दिसत होता.

वकीलबाईंची एक पद्धत होती. नाजूक बोलणं त्या अशिलाच्या गाडीत बसून करायच्या. ऑफिसच्या भिंतींना शेजारच्या वकिलाचे कान आहेत, असं म्हणायच्या. त्या पुढे बसल्या आणि आधी माझ्यावरच घसरल्या, एवढी मागे सीट, मी काय इथे झोपायला आलेय? सीट पुढे ओढून त्यांनी सवयीने बेल्ट लावला.

आवाज थांबला. मी श्वास सोडला.

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नुसता पिऊन चालवताना सापडला असता, तर दंड, फार तर थोडी कैद, काही काळ परवाना गेला असता. पण माणूस गेलाय. कलम बदलतं, आणि मग बोलणं महिन्यांत नाही, वर्षांत होतं. बचाव काय काय? फुंकायचं यंत्र वेळच्या वेळी तपासलेलं होतं का, रक्त किती उशिरा घेतलं, बाटलीचं सील नीट होतं का, हे सगळं खोदता येईल. नाहीतर सरळ कबुली द्यायची, पहिलाच गुन्हा म्हणून दया मागायची. कबुलीने शिक्षा टळत नाही, हलकी होऊ शकते.

मग त्या मागे वळल्या.

"आणि एक प्रश्न आहे. त्या मुलाच्या शवचिकित्सेत दारूचा थेंब नाही. तो चालवत असेल, तर पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हाच उरत नाही. मेलेल्यावर खटला चालत नाही. मी काही सुचवत नाहीये. विचारतेय. स्टिअरिंगवर कोण होतं?"



"लांबू," धाकटा म्हणाला. "लांबू चालवत होता."

टिंग.

बाईंचा बेल्ट लावलेला होता. त्यांनी तो चाचपून पाहिला.

टिंग... टिंग... टिंग...

आणि मग... खर्रर्र... सीट बाईंना घेऊन सावकाश मागे सरकली. पार शेवटपर्यंत.

बाई खाली उतरल्या. दार धरूनच उभ्या राहिल्या.

"यंत्र चूक ठरवता येतं, सीलवर बोट ठेवता येतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "याची उलटतपासणी मला जमायची नाही. आधी घरी जाऊन काय ते ठरवा."

धाकटा गुडघ्यात डोकं घालून रडत होता.

"तो किल्ली मागत होता, ताई. म्हणाला, मला दे, मी प्यायलो नाहीये, आई जागी असेल माझी. मी दिली नाही."

जरा वेळाने म्हणाला, "त्याच्या घरी ने मला."

वाटभर टिंग टिंग चालू होतं. एका सिग्नलला मला राहवेना. देवाचं नाव घेतलं, हात लांब केला आणि रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला.

रिकाम्या सीटला लागतो त्याहून जास्त पट्टा खेचावा लागला...

खटका बसला. आवाज थांबला.

लांबूच्या दारासमोर गाडी उभी केली. आमच्यापैकी कुणी हललंही नव्हतं.

टक्.

पुढचा बेल्ट सुटून हलकेच जागेवर गेला. उतरताना कुणी सोडावा तसा.

आम्ही पायरीवर पाय ठेवतोय तोच लांबूच्या आईने दार उघडलं. "जरा थांबायचं की," त्या म्हणाल्या. "बेल मघाशीच ऐकली. गुडघे उठू देत नाहीत पटकन."

बेल आम्ही वाजवली नव्हती.

धाकटा उंबऱ्यातच खाली बसला. "काकू, गाडी मी चालवत होतो. त्याने किल्ली मागितली होती. मी दिली नाही."

त्यांनी विचारलं, "हे कोर्टात सांगशील?"

त्याने सांगितलं. यंत्राचं, सीलचं काही काढू नका म्हणून बाईंना हात जोडले. शिक्षा झाली, परवाना रद्द झाला. आता तो आत आहे आणि मी भेटीला जाते.

ती वायर अजून काढलेलीच आहे. आवाज पुन्हा कधी आला नाही.

पण भेटीच्या दिवशी घरून निघताना मी पुढची सीट पुढे ओढून ठेवते. तुरुंगाच्या फाटकाशी पोचते, तेव्हा ती पार मागे गेलेली असते.

आता मी काही विचारत नाही. निघण्याआधीच त्या सीटचा बेल्ट लावते.

पट्टा अजूनही लांब खेचावा लागतो...