पाच मिनिटं थांबा

ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल.

पण ती खरी आहे. आमच्याच घरात, रत्नागिरीत नाचणे रोडच्या फ्लॅटमध्ये घडली आहे. यंदाच्या श्रावणातल्या एका शनिवारी, दिवेलागणीला ती सुरू झाली. म्हणजे तेव्हा सुरू झाली असं गुरुप्रसादला वाटतं.

गुरुप्रसाद माझा नवरा. ती खरी कधी सुरू झाली, हे फक्त मला माहीत आहे.

आमचं घर समजून घ्या. मध्ये हॉल. डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला सासूबाईंची खोली. मी त्यांना आईच म्हणायचे. स्वयंपाकघरातून खोलीत जायचं तर हॉलच्या मोठ्या भिंतीसमोरून जावं लागतं. त्याच भिंतीवर आम्ही सिनेमे बघायचो.

शमिका आमची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. टीव्हीला नाक लावून बसायची. डोळे बिघडतील म्हणून मीच हट्टाने टीव्ही काढून प्रोजेक्टर घ्यायला लावला. तो सोफ्याच्या मागे फळीवर असायचा. त्यामुळे कोणी समोरून गेलं की चित्रावर ही मोठी सावली.

"आई, मध्ये येऊ नका हो!"

किती वेळा म्हटलं असेन मी... मोजलं नाही.

आई मूळच्या पूर्णगडच्या. कुणाला आपला त्रास नको, एवढंच जपायच्या. पुढेपुढे त्या वाकून जायला लागल्या. पार कमरेत वाकून, पदर सावरत. तरी त्यांचा अंबाडा चित्रात यायचाच. मग त्यांनी सिनेमा चालू असताना हॉलमध्ये येणंच सोडलं. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसायच्या. सिनेमा संपला की विचारायच्या, "संपला काय गो? जाऊ मी?"

मागच्या मार्गशीर्षातला रविवार. गुरुप्रसाद पूर्णगडला कलमं बघायला गेला होता. शमिका माझ्या मांडीवर. सिनेमा शेवटाला आलेला.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात सावली आली... अंबाडा... अर्धं डोकं.

मी मान वळवली नाही.

"आई, पाच मिनिटं थांबा हां. संपतच आलाय."

"बरं गो बाय. थांबत्ये."

सावली खाली गेली.

सिनेमा संपायला पंचवीस मिनिटं लागली.

मी दिवा लावून स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसल्या होत्या. पाठ भिंतीला टेकलेली. एक हात छातीवर. डोळे उघडे... त्यांच्या खोलीकडे लागलेले.

त्यांची जिभेखाली ठेवायची गोळी त्या खोलीत, उशीजवळच्या पितळी डबीत होती.

गुरुप्रसादला मी सांगितलं, "त्या काही बोलल्याच नाहीत रे. मला कळलंच नाही."

दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना. दीड तास सगळे खाडीकाठी उभे. गुरुप्रसादने मुलीला शिकवीन म्हटलं, कलमं विकणार नाही म्हटलं, दर वर्षी देवीची ओटी भरू म्हटलं. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. मी घरीच होते. गुरुप्रसादचा फोन आला.

"अक्षया, आईचं काय राहिलंय काय? तुला काय बोलली होती?"

मला माहीत होतं काय राहिलं होतं.

"नाही रे," मी म्हटलं.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्यानंतर भिंतीवर कसलीही सावली आली की मी प्रोजेक्टर बंद करायचे. शमिका समोरून पळाली तरी मी किंचाळायचे. गुरुप्रसादला वाटलं, मी आईंच्या आठवणीने खचलेय. त्यानेच नवीन मशीन शोधलं. अल्ट्रा शॉर्ट थ्रो. भिंतीपासून वीतभर अंतरावर खाली टेबलावर ठेवायचं, तिथूनच ते वर चित्र फेकतं. माणूस आणि भिंत यांच्यामध्येच मशीन, त्यामुळे सावली पडायला जागाच नाही.

बसवायला नितेश आला होता, गुरुप्रसादचा मित्र. तो मुद्दाम समोर हात हलवत नाचून दाखवत होता.

"बघा वहिनी! आता गुरूने इथे नमन-खेळ्यांचा अख्खा फड नाचायला उभा केला तरी सावली पडायची नाय!"

आम्ही सगळे हसलो. किती महिन्यांनी हसले मी!

श्रावणातल्या त्याच शनिवारी संध्याकाळी पहिला सिनेमा लावला. भिंतभर चित्र. शमिका टाळ्या वाजवत होती.

अर्धा तास झाला असेल...

डाव्या कोपऱ्यात काहीतरी काळं आलं.

मला वाटलं, काचेवर धूळ असेल. गुरुप्रसादने उठून पुसलं. बसला.

परत आलं.

गोल... वर छोटासा अंबाडा.

दुसऱ्या दिवशी नितेश आला, सगळं तपासलं. म्हणाला, "मशीनमध्ये काय नाय. आणि वहिनी, याच्यात सावली पाडायची तर मशीन आणि भिंतीच्या मध्ये डोकं घालायला लागेल. तरी ती लांबलचक, वेडीवाकडी पडेल. अशी सरळ माणसाएवढी नाय पडायची."

"मग ही कसली?"

तो चहा अर्धा टाकून गेला.

सावली हलायची नाही. नुसती कोपऱ्यात थांबायची. मशीन बंद केलं की स्वयंपाकघराच्या दाराशी पाट सरकल्याचा आवाज यायचा... खर्र... एकदाच.

पाट मी माळ्यावर टाकला होता.

आठवड्याने आम्ही तिघं बसलो होतो. सावली आलेली. गुरुप्रसाद आताशा तिच्याकडे बघायचा नाही. शमिका मात्र बघत होती. एकदम म्हणाली...

"आई, आजीची पाच मिनिटं झाली?"



गुरुप्रसादने सिनेमा थांबवला. "कुठली पाच मिनिटं गो?"

"आईने सांगितली ती."

तो माझ्याकडे बघायला लागला.   कोपऱ्यातली सावली जरा वर आली... खांदे दिसले... जणू कुणी उठून उभं राहतंय. कुणी बोलावलं तर पाऊल टाकायचं, एवढंच बाकी.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं. आई, या. माझं चुकलं.

"सिरियलमधलं बोलते रे ती," मी म्हटलं. "काहीही ऐकते आणि बोलते."

सावली वाकली.

अगदी तशीच, कमरेतून. कुणाला आपला त्रास नको तशी. आणि चित्राच्या खाली गेली.

त्यानंतर ती आली नाही. गुरुप्रसाद म्हणतो, मशीनचाच दोष होता, आपोआप गेला. नितेशलाही त्याने तेच सांगितलं.

पण पाटाचा आवाज रोज येतो. एकदा मी ती पितळी डबी आणून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. म्हटलं, घ्या आई, हॉल ओलांडायलाच नको. सकाळी पाहिलं तर डबी तशीच. झाकणावरची धूळसुद्धा पुसली गेली नव्हती.

त्यांना आता गोळी नकोच आहे.

आणि शमिका... ती आता मशीन बंद असलं तरी भिंतीसमोरून वाकून जाते. भर दुपारी. मी ओरडले, "सरळ चाल!" तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "आजीने शिकवलं. म्हणजे तू रागवत नाहीस."

येत्या गुरुवारी वर्षश्राद्ध आहे. पान वाढून गच्चीवर ठेवायचं, कावळ्याची वाट बघायची. या वेळी गुरुप्रसाद फोनवर नसेल, माझ्या शेजारीच उभा असेल. कावळा आला नाही, तर तो माझ्याकडे वळून तेच विचारेल.

मी रोज आरशासमोर उत्तर म्हणून बघते. शब्द पाठ आहेत. तोंडातून निघत नाहीत.

आता हे लिहितेय तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेत. मशीन बंद आहे, भिंत पांढरी. गुरुप्रसाद जिना चढून येतोय, त्याच्या चपला ओळखते मी.

शमिका स्वयंपाकघराच्या दाराशी बसली आहे. जमिनीवर, पाठ भिंतीला टेकून. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

मघापासून तिसऱ्यांदा विचारतेय...

"आई, आजी विचारते, संपलं काय?"