मोकळी टाच

मी त्याला पहिल्यांदा भेटले ती सरळ त्याच्या अंगावर पडूनच.

राउलान गावाजवळच्या स्कीच्या उतारावर तो निवांत संत्रं सोलत उभा होता. मी "बाजूला व्हा...!" म्हणेपर्यंत आम्ही दोघंही बर्फात, आणि संत्रं गडगडत खाली.

"बोलण्यावरून बर्गनच्या वाटता," बर्फ झटकत तो म्हणाला. "तिकडे अशीच ओळख करून घेतात का?"

"तिकडे पाऊस पडतो. आम्ही नाही पडत," मी फणकारले.

औदुन त्याचं नाव. सुतारकाम करायचा. मी सुनिवा, हिवाळ्यापुरती इथल्या शाळेत आलेली बदली शिक्षिका. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा मागची टाच उचलून घ्यायची ती टेलेमार्क वळणं घेत झुळकन निघून जायची. माझी मात्र स्कीवरून टाच सुटली, की धीरच सुटायचा.

मग दर शनिवारी तो शिकवू लागला. 'अहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"एक पाय पुढे. दोन्ही गुडघे वाकव. मागची टाच उचलू दे... अगं, सगळा भार पुढच्या पायावर नको! मागच्यावरही विश्वास ठेव जरा."

"आणि पडले तर?"

"मी आहे ना."

तो स्कीबद्दलच बोलत होता. मी मात्र दिवसभर ते मनात घोळवत राहिले.

एका सकाळी, तो यायच्या आधीच, वळण जमलं. डावीकडे... पाय बदलून उजवीकडे... अलगद! आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि लगेच मनात आलं, शिकून झालं, तर शनिवार कशाला?

त्या दिवशी मी मुद्दाम पडले. पुढच्याही शनिवारी.

ईस्टरच्या तोंडावर बर्गनहून कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. त्या शनिवारी मी म्हणाले, "इथेच थांब. बघ." आणि एकामागून एक वळणं घेत उतार संपवला. तो मागोमाग आला. मला मान वर करवेना.

"मला येतं, औदुन. कधीचंच. मी... खोटंखोटं पडत होते."

"माहीत आहे."

"काय?"

"खरं पडणारं माणूस, मी जवळ आहे का, हे आधी बघून घेत नाही." त्याचे कान लाल झाले होते. "बोललो नाही. म्हटलं, बोललो तर... यायचीच बंद होशील."

बोलावण्याचं त्याच्या कानावर आलेलं होतं. स्कीकडे बघत त्याने विचारलं,

"बर्गनला काय कळवलंस?"

"नाही म्हणून. इथे पुढच्या वर्षीही जागा आहे..."

त्याने हातमोजा काढला. माझाही हळूच काढला. गार पडलेली माझी बोटं मुठीत घेत म्हणाला,

"पुढचं एकच वर्ष?"