बिघडलेला टेक

"पुन्हा एकदा चाव ना... प्लीज!"

कात्रीनं मान वर केली. एडिटिंगच्या खोल्यांकडे जाणाऱ्या जिन्यात ती एकटीच डबा घेऊन बसली होती. तोंडात काकडी होती, आणि खालच्या पायरीवर एक अनोळखी मुलगा उभा होता. कानावर हेडफोन, हातात काठीला बांधलेला माइक, आणि चेहरा तर असा गंभीर, की जणू कोणासाठी औषधच मागतोय.

"काय?"

"काकडी. आत्ता चावलीस ना, तशीच. फक्त जरा जोरात... आणि निर्दयपणे."

"निर्दयपणे?"

"मान मोडायची आहे. एका वकिलाची. आमच्या सिनेमात. सकाळपासून गाजरं मोडतोय, पण तो काही मरत नाहीये."

आता अशा माणसाला काय म्हणायचं? कात्रीनं एरवी त्याला चार शब्द सुनावले असते. वर्गात तिला कात्री म्हणायचे ते काही उगाच नाही. एक तर ती संकलन शिकत होती, आणि दुसरं कारण म्हणजे तिची जीभ. पण त्या दिवशी तिचा राग दुसरीकडेच अडकला होता. तिनं काकडीचा मोठा तुकडा घेतला आणि कचकन दात रोवले. त्यानं डोळे मिटले होते. इतक्या मनापासून आजवर तिचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते काय, तर काकडी!

"गेला!" तो आनंदानं म्हणाला. "एका झटक्यात गेला बिचारा. थँक्यू हं!"

"थांब. साउंडचा आहेस?"

"हो. कानसेन म्हणतात मला."

"मोकळा आहेस?"

तो चक्क लाजला. "म्हणजे... कोणत्या अर्थानं?"

"कामाच्या अर्थानं रे!" कात्री डबा बंद करत म्हणाली. "चल वर. तुझा वकील मेला ना? आता माझा सिनेमा वाचव."

माझा सिनेमा म्हणजे खरं तर सगळ्यांचा. दिग्दर्शक होता तिच्याच वर्गातला. सेटवर हुकूम सोडायचा म्हणून त्याला सरकार म्हणत. सरकार शूटिंग संपताच पुढची कथा लिहायला म्हणून जो गायब झाला, तो फोनही उचलेना. साउंडच्या मुलाला नोकरी लागली आणि तो गाव सोडून गेला. उरली कात्री. घरात एकटी असलेली एक मुलगी, आत शिरलेला एक परका माणूस, आणि शेवटी ती मुलगी स्वयंपाकघरात टेबलाखाली लपते... एवढीच गोष्ट. एवढ्याशा गोष्टीसाठी कात्रीनं रात्र रात्र जागून डोळे लाल केले होते. आणि आज सकाळी संकलनाच्या बाईंनी सिनेमा पाहून चष्मा पुसला आणि म्हटलं, "सगळं आहे गं यात. भीती तेवढी नाही."

बाईंचा होकार मिळेल तेच सिनेमे वर्षाअखेरीस मोठ्या सभागृहात दाखवायचे. घरची माणसं बघायला येतात. आणि कात्रीच्या आईनं आत्ताच ऑफिसात रजा टाकून ठेवली होती, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही आमंत्रण देऊन झालं होतं! नातेवाईक विचारायचे, मुलगी सिनेमात काम करते का, कुठे दिसते? आई म्हणायची, दिसत नाही, तीच सगळं जोडते. म्हणजे नक्की काय करते हे आईला कळत नव्हतं, पण ते सांगताना तिची मान ताठ व्हायची. ती मान खाली जाणं कात्रीला परवडणारं नव्हतं.

कानसेननं सिनेमा डोळे मिटून पाहिला. म्हणजे ऐकलाच.

"बघतोस काय डोळे मिटून?" कात्री वैतागली.

"भोकं पडली आहेत."

"कशाला?"

"तुझ्या शांततेला." त्यानं एक जागा पुन्हा वाजवली. "ही बोलते, तेव्हा मागे घराचा आवाज आहे. ती गप्प झाली, तू वाक्य कापलंस... आणि घरच मेलं. ऐक ना. असं कोणतंच घर नसतं. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहून तो रेकॉर्ड करायचा असतो. तुमच्या मुलानं केला नाही?"

कात्रीला तो दिवस आठवला. शेवटचा शॉट झाल्याबरोबर सगळे नाचायला लागले होते, सगळ्यात पुढे साउंडवालाच.

"आणि मागे वाजणारा हा ढोल," त्यानं शेवटच्या प्रसंगावर बोट ठेवलं, "हा काढायचा."

"हात तर लाव! मी एकेक कट त्या ढोलावर बसवलाय!"

"दिसतंय. छानच बसवलाय. पण तू आधीच ओरडून सांगतेस, घाबरा हो, आता घाबरा... मग कोण घाबरेल?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर परका, त्यात काकडी मागून खाणारा — बरं, खाल्ली तिनंच होती, पण मागितली ना त्यानं! ती काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार होती. तेवढ्यात त्यानं ढोल बंद करून प्रसंग नुसता चालवला. टेबलाखालची ती मुलगी, दाराशी थांबलेले बूट. कात्रीनं जोडलेले तिचेच शॉट तिनं पहिल्यांदाच असे उघडे पाहिले. चांगले होते. खूपच चांगले होते. ढोलाखाली तिनं स्वतःच ते पुरले होते.

"उद्या दुपारी माझ्या मावशीकडे ये," ती तुटकपणे म्हणाली. "स्वयंपाकघर तिचंच आहे."

मावशीनं दार उघडलं, कानसेनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि भाचीला म्हणाली, "शूटिंगच्या वेळी केलात तेवढा दंगा नाही ना करणार?"

"नाही मावशी. आज शांतता रेकॉर्ड करायची आहे."

"अगं बाई! त्यासाठी एवढं यंत्र? शांतता तर मी फुकट देते, तुम्ही सगळे गेलात की."

कानसेननं पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. घड्याळ उचलून उशीखाली ठेवलं. मग फ्रिज बंद केला, खिशातून आपल्या खोलीची किल्ली काढली आणि अंड्यांशेजारी ठेवून दिली.

"हे काय?" कात्रीनं विचारलं.

"आमच्यात अशीच पद्धत आहे. जाताना किल्ली लागतेच. ती घ्यायला फ्रिज उघडला की तो चालू करायची आठवण होते. नाहीतर लोकांचं दूध नासतं आणि साउंडवाल्याला पुन्हा कोणी घरात घेत नाही."

"हुशार आहेस की!"

"ते तुला आज कळलं?"

मावशी बाहेरच्या खोलीत गेली. ते दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, मध्ये माइक. त्यानं बोट वर केलं — सुरू. आणि लगेच मावशीचा फोन वाजला. पुन्हा सुरू. या वेळी कात्रीला हसू आलं. हसायचं नाही म्हटलं की येतं तसलं, पोटातून वर चढणारं. त्यानं डोळे वटारले. त्यामुळे ते जास्तच आलं.

"श्वास तरी घेऊ की नको?" ती हसत म्हणाली.

"घे. पण मला ऐकू येता कामा नये."

पुन्हा सुरू. आता कोणी हसलं नाही. पंख्याविना खोली तापली होती. त्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला आणि भुवईशी थबकला. पुसायला त्याला हात हलवता येईना. भिंत बारीक कुरकुरली. नळाच्या आत काहीतरी खळखळलं. खरंच की... घराला आवाज होता! तिनं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता. यंत्रावरच्या आवाजाच्या मीटरकडे नाही, माइककडे नाही. तिच्याकडे. नजर काढून घ्यावी, तर हालचाल करायची नाही. बोलावं, तर बोलायचं नाही. करायचं काय माणसानं? कात्रीनं श्वास धरून ठेवला... धरून ठेवला... आणि तो सुटला. लांब, थरथरता.

"हा... बिघडला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"धूळ होती. नाकात."

"हो. धूळ."

मग त्यांनी एकमेकांकडे पाठ करून एक स्वच्छ टेक घेतला. मावशीनं दिलेला चहा त्यानं उभ्याउभ्या संपवला, वायरी पिशवीत कोंबल्या आणि चप्पल उलटी घालून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशीचा फोन. "अगं, तुझा तो शांततावाला! फ्रिज बंदच ठेवून गेला. आइस्क्रीमचं सरबत झालंय माझ्या. आणि आत अंड्यांजवळ त्याची किल्ली! रात्री हा घरात शिरला कसा? डोकं कुठं होतं म्हणते मी याचं?"

"विचारते मावशी," कात्री म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ एकटीच हसत राहिली.

कॉलेजात ती सरळ कामाला बसली. कालचं रेकॉर्डिंग कानसेननं रात्रीच तिला सरसकट पाठवून दिलं होतं. ढोल काढला. एकेक भोक घराच्या आवाजानं बुजवलं. कुठे जोडलंय ते आता तिचं तिलाही सापडेना, आणि त्याचा तिला कोण अभिमान वाटला! शेवटच्या प्रसंगाखाली स्वच्छ टेक टाकला. चांगला झाला. पण अंगावर काटा येईना. मग तिनं त्यातला तो बिघडलेला टेक सहज टाकून पाहिला.

टेबलाखाली मुलगी. दाराशी बूट. कुरकुरणारी भिंत. आणि मग... कोणीतरी श्वास सोडला.

कात्री खुर्चीतून उठलीच! मुलीचा चेहरा पडद्यावर होता, तिचं तोंड हातानं दाबलेलं होतं. मग तो श्वास कोणाचा? त्या टेबलाखाली दुसरं कोण आहे? हातावरचे केस उभे राहिले होते. बाईंना हवी होती ती भीती हीच. आणि ती बनली कशापासून, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. सभागृह भरलेलं असणार. आई असणार. बाई असणार. सगळे ते ऐकणार. तो ऐकणार. तिचे कान गरम झाले.

दारात कानसेन उभा होता. कालचाच शर्ट, केस विस्कटलेले.

"हा कसा आला इथे?" तो घाबरून म्हणाला. "हा मी पुसायचा होता."

"मग पुसला का नाहीस?"

"प्रयत्न केला." तो आत आला. "पुसवेना."

तिनं प्रसंग पुन्हा लावला. श्वास आला तशी त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. संपल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, "जबरदस्त आहे. पण नको. स्वच्छ टेक ठेव. हा तुझा आहे, सिनेमाचा नाही. लोकांनी का ऐकावा?"

तेव्हाच कात्रीचं ठरलं. ज्या मुलाला आवाजाशिवाय काही दिसत नाही, तो इतका चांगला आवाज तिच्यासाठी टाकून द्यायला निघाला होता!

"रात्री झोपलास कुठे?" तिनं विचारलं.

"मित्राच्या खोलीवर. का?"

"मावशी विचारत होती, त्याचं डोकं कुठं होतं."

तो खाली बघायला लागला. मग वर बघून एका दमात म्हणाला, "तुझ्याकडे. डोकं, लक्ष, सगळं. इतक्या वेळा खोल्यांचे आवाज घेतलेत मी, मीटरवरची नजर कधी हलली नाही. काल कानात काय येतंय तेच कळेना. बस, आता हस."

ती हसली नाही. "माझ्या नाकात धूळ नव्हती," ती म्हणाली. "तू आवडतोस मला. कामाच्या अर्थानं नाही... म्हणजे, त्याही अर्थानं. आणि हा टेक राहणार. मी संकलक आहे, मी सांगते. माझा श्वास आहे ना? मग मला त्याची लाज नाही."

बाईंनी सिनेमा दुपारी पाहिला. शेवटी त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं, मग चष्मा काढला. "पाठवा सभागृहात," एवढंच म्हणाल्या. बाईंना ओळखणाऱ्यांना विचारा, एवढं म्हणजे किती ते.

सभागृहात आई पहिल्या रांगेत बसायचा हट्ट धरून बसली होती. नवी साडी, शेजारी ऑफिसातल्या बाई. गायब झालेला सरकार नवा शर्ट घालून हजर होता आणि सगळ्यांचे हात हातात घेत होता. घेऊ दे. कात्री आईच्या डाव्या हाताला बसली. कानसेन मागे भिंतीशी उभा राहिला. आवाज भिंतीशीच नीट कळतो म्हणे.

दिवे गेले. शेवटचा प्रसंग आला तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग तो श्वास आला. कोणीतरी "आई गं!" म्हणालं, आणि आईनं कात्रीचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"कोण आहे गं तिथं?" आई कुजबुजली.

कात्रीनं मागे भिंतीकडे पाहिलं. पडद्यावर नावं आली. संकलन — आणि पुढे तिचं नाव, भलंमोठं, स्वच्छ. टाळ्या थांबेनात. आई उभी राहिली, मागे वळली आणि अगदी अनोळखी माणसांना सांगायला लागली, "माझी मुलगी. हे सगळं तिनं जोडलंय. कुठं जोडलंय ते दाखवा बघू!"

गर्दीतून वाट काढत कानसेन त्यांच्यापर्यंत पोचला आणि दोन पावलांवर अवघडून थांबला. आईनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आणि हे कोण?"

ऑफिसातल्या बाई ऐकत होत्या. सरकार ऐकत होता. जवळच उभ्या असलेल्या संकलनाच्या बाईसुद्धा ऐकत होत्या. कात्रीनं हात लांबवून त्याचा हात धरला.

"आवाज यानं केलाय, आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि हा माझा आहे."