मागचं डावं चाक

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवी होते, आणि मला दिसले ते फक्त त्याचे बूट. चिखलाने माखलेले, एकाची नाडी सुटलेली.

मालक आहेत का, असं त्याने विचारलं. मालक जेवायला गेलेत, मालकाची मुलगी चालेल का, असं मी खालूनच विचारलं. बूट जरा गडबडले. मी बाहेर सरकले तेव्हा गालावर ग्रीस होतं. ते नेहमीच असतं. त्याने ते पाहिलं आणि घाईघाईने नजर टायरांच्या चळतीकडे वळवली.

तो जनावरांचा डॉक्टर होता. आठवड्यातून दोनदा फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन डोंगरावरच्या वस्त्यांवर जायचा. त्याला आमच्याकडचे सर्वांत दांडगे टायर हवे होते, चिखलाचे, तळहाताएवढ्या खाचांचे.

मी प्रश्न विचारायला लागले. डांबरी रस्ता किती, दगड किती, गाडीत वजन किती. गिऱ्हाइकं मला पाठीमागे मास्तरीण म्हणतात ते उगाच नाही. हिशेब निघाला तो असा: सगळ्यात जास्त डांबर, मग दगड, आणि चिखल वर्षातले जेमतेम तीन महिने.

"मग हे घेऊन काय कराल? ओल्या डांबरावर हे पकड सोडतात. शिवाय आवाज इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही."

"माझ्या शेजारी औषधांचा खोका असतो," तो म्हणाला. "फारसा बोलत नाही तो."

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. मग तो हळूच म्हणाला की दोन महिन्यांपूर्वी उतारावर गाडी आडवी घसरली होती. डावी चाकं कड्याच्या काठावर येऊन थांबली.

"तेव्हापासून... वर जायच्या दिवशी घास उतरत नाही. अजून कुणाला बोललो नाही."

मलाच का सांगितलं, कोण जाणे. मी मधल्या जातीचे टायर निवडले. डांबरावरही चालणारे, चिखलातही, आणि बाजूने जाड, म्हणजे धारदार दगडाने फाटणार नाहीत. चिखलात हवा थोडी कमी करा, डांबरावर आलात की परत भरा, हेही दोनदा सांगितलं. चारही टायर मी स्वतः बसवले. तो बाजूला उभा राहून सांगत होता, एक शेळी निरोगी असल्याचा दाखला त्याने लिहून दिला, आणि मालकाच्या हातात पडायच्या आत शेळीनेच तो खाऊन टाकला. मी इतकी हसले की हातातला टायर खाली ठेवावा लागला.

मग तो हवा तपासायला यायला लागला. दर दोन दिवसांनी.

"इतक्या लवकर कुठे जाते हो तुमची हवा?"

"तेच बघायला येतो..."

काउंटरवर बाबा खोकायचे. त्यांना खोकला नव्हता.

एकदा त्याने सांगितलं की आता तो वर जाताना पोटभर जेवून निघतो. तुमच्या टायरांवर भरवसा बसला, म्हणाला. मला फार बरं वाटलं. पण गंमत अशी, की त्याची भीती माझ्याकडे मुक्कामाला आली. तो वर गेला की माझं लक्ष रस्त्यावर. संध्याकाळी ती मातकट गाडी दुकानासमोरून गेली की मगच खांदे सैल व्हायचे.

अठराव्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, भिंतीचा रंग वाळलाय, शोभेचा टायर परत वर लाव. डॉक्टरला दिले त्याच जातीचा, त्याच मापाचा हा टायर सहा वर्षं बाहेरच्या भिंतीवर टांगलेला होता, नुसता दाखवायला. रंगकामासाठी तो उतरवून कोपऱ्यात ठेवला होता. मी तो उचलला आणि सवयीने त्याच्या कडेवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

याच वर्षाचे होते.

मी पुन्हा वाचले. बोट फिरवून वाचले. बसवण्याआधी आकडे मोठ्याने वाचायचे, हा बाबांचा नियम. त्या दिवशी मी हसत होते. टायर खाली ठेवला होता... आणि उचलताना शेजारचा, भिंतीवरून उतरवलेला, उचलला होता.

सहा वर्षं उन्हात वाळलेलं रबर वरून नवंकोरं दिसतं. आतून कडक होतं, तडकतं, आणि उतारावर भार आला की एकदम फुटतं. कुठलं चाक, तेही मला आठवत होतं. मागचं डावं. दरीकडचं.

आणि तो सकाळीच वर गेला होता.

फोन लागेना, वर रेंज नसतेच. बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसती पिकअपची किल्ली पुढे केली, ते मला जास्त लागलं. खरा टायर रिमवर चढवून मी निघाले. डांबर संपलं तिथे आमची साधी पिकअप पुढे जाईना. धुकं खाली उतरलं होतं. मी गाडी कडेला लावली आणि चालत चढायला लागले. तो उतरायच्या आत गाठायला हवं होतं. मनात नको नको ते येत होतं. दरीतून दगड गडगडल्याचा आवाज आला आणि मी काठाशी धावले. दगडच होता.

चौथ्या वळणावर इंजिनाचा आवाज ऐकू आला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात हलवायला लागले. धुक्यातून दिवे आले, मोठे झाले, आणि माझ्यापासून चार हातांवर थांबले.

तो खाली उतरला. मी काही लपवलं नाही. एका दमात सगळं सांगितलं आणि मागच्या डाव्या चाकाशी बसले. कडेला केसासारख्या बारीक भेगा होत्या. एकीत माझं नख गेलं.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"अठरा."

तो मनात फेऱ्या मोजत असणार. तो दगडावर बसला. मीच जॅक लावला, त्याची जुनी स्टेपनी बसवली. नट आवळताना पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा त्याचा हात माझ्या हातावर आला आणि आम्ही दोघांनी मिळून तो नट आवळला.

उतरताना मी शेजारी बसले. खोका मांडीवर घेतला. तो नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता.

खाली पिकअपपाशी नवं चाक बसवून झाल्यावर मी म्हणाले की आता दुसऱ्या दुकानात गेलात तरी मला समजेल.

"राग आला होता," तो म्हणाला. "दोन वळणं टिकला. मग सारखं तेच डोळ्यांसमोर यायला लागलं... धुक्यात तुम्ही मधोमध उभ्या. मला ब्रेक लावायला जरा उशीर झाला असता तर?" त्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला. "असं नको करत जाऊस."

तो मला 'तू' म्हणाला होता. त्याला कळलंही नव्हतं.

"तुम्ही वर गेलात की माझा जीव थाऱ्यावर नसतो," मी म्हणाले.

"टायरची काळजी?"

"आमच्याकडून दिवसाला आठ गाड्या जातात. मी वाट एकीचीच बघते."

तो हसला. या वेळी ते हसू ओठांवर थांबलं नाही, डोळ्यांपर्यंत गेलं. त्याने खिशातून रुमाल काढला, माझ्या गालाजवळ आणला, आणि तिथेच अडखळला... मग अगदी हलक्या हाताने ग्रीस पुसलं. नीट पुसलं गेलं नाही. मी ते तसंच राहू दिलं.

गाड्या दोन होत्या, वेगवेगळंच परतायचं होतं. मी त्याला पुढे जायला सांगितलं. धुकं इतकं दाट होतं की त्याचे मागचे लाल दिवेही मधूनच नाहीसे व्हायचे. पण पुढच्या वळणावर ते पुन्हा दिसायचे, जागच्या जागी थांबलेले. माझे दिवे त्याला आरशात दिसले की मगच तो पुढे निघायचा.