गळ्यातल्या हवेचं गणित

दुधाच्या केंद्रावर नागनाथ म्याकल "अर्धा लिटर, गाईचं" असं म्हणाला आणि फळीमागच्या सुमनबाईंनी मान वर न करता पिशवी पुढे सरकवली. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. नागनाथ क्षणभर तसाच उभा राहिला. गेली कित्येक वर्षं एवढ्याशा कामासाठी बाईंना त्याच्या तोंडाकडे नीट बघावं लागायचं. तो फळीवर बोटानं टकटक करायचा, मग ओठ हलवायचा. त्या डोळे बारीक करून ओठ वाचायच्या, "गाईचं ना?" म्हणून खात्री करून घ्यायच्या, आणि नजर वर आलीच आहे तर मुलगी कशी आहे, जेवण झालं का, एवढं विचारायच्या. आज त्यातलं काहीच झालं नाही. आज त्याला आवाज होता.

पिशवी घेऊन तो घराकडे वळला. खांद्याला अडकवलेल्या पेटीतला बारीक पंखा फिरत होता. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यातून निघालेली वायर त्याच्या हनुवटीखाली चिकटवलेल्या पातळ पट्टीपर्यंत गेली होती, आणि नाण्याएवढा एक स्पीकर कॉलरला लावलेला होता. नागनाथ पूर्वीसारखाच नुसते ओठ आणि जीभ हलवायचा. पट्टी स्नायूंची ती हालचाल टिपायची, पेटी हिशेब करायची आणि कॉलरमधून आवाज निघायचा. ओठ हलणं आणि आवाज येणं यांत जाणवेल एवढंही अंतर नव्हतं.

नागनाथची उमेदीची सगळी वर्षं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात गेली. मागांच्या खडखडाटात तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखत. घशाचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हा कारखान्यातल्या लोकांना फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घरी. श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक राहिलं आणि तोंडाचा श्वासाशी संबंध तुटला. गळ्याला टेकवायचं एक यंत्र त्याला मिळालं होतं. ते माशी घोंगावल्यासारखं बोलायचं. त्याची मुलगी पद्मजा तेव्हा तीन वर्षांची होती. ते ऐकून ती पलंगाखाली जाऊन बसली. त्यानं ते यंत्र परत कपाटातून काढलं नाही. मग बायकोनं, अंबूबाईनं, त्याचं बोलणं जगाला सांगायचं काम स्वतःकडे घेतलं. ती होती तोवर त्याला मुकं असल्यासारखं वाटलंच नाही. ती गेल्यावर वाटलं. पद्मजा लग्न होऊन वापीला गेलेली होती.

पुण्याहून डॉ. नेत्रा धामणस्कर त्याच्या दारात आल्या त्या जुन्या स्कॅनमुळे. शस्त्रक्रियेआधी इस्पितळानं त्याच्या गळ्याचं बारीक स्कॅनिंग केलं होतं आणि ते कुठल्याशा संगणकात अजून शाबूत होतं. नेत्रा डॉक्टर होत्या त्या औषधाच्या नव्हेत, प्रवाहगतिकीच्या. पाणी, वारा, रक्त, जे जे वाहतं ते कसं वाहील याचं गणित मांडायचं, हे त्यांचं काम.

त्यांनी त्याला समजावलं की आवाज म्हणजे शेवटी वाहती हवाच. फुप्फुसांतून ती वर येते, स्वरपट्ट्यांच्या फटीतून घुसते, पट्ट्या थरथरतात, हवेत लहान लहान भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांना जो गळा, जे तोंड मिळेल तसा आवाज घडतो. गळ्याचा आकार हाती असेल तर त्यातली हवा संगणकात वाहवता येते. त्यासाठी गळ्याच्या पोकळीचे लाखो चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात हवेचा दाब किती, वेग किती, हे पुन्हा पुन्हा सोडवायचं. अडचण वेळेची होती. एका शब्दाचा हिशेब करायला मोठ्या संगणकाला पूर्वी काही दिवस लागत.

"मग आता कसं जमलं?" नागनाथनं ओठांनी विचारलं होतं. नेत्रांना ओठ वाचता येत नव्हते, म्हणून त्यानं पाटीवर लिहून दाखवलं.

नेत्रांनी त्याच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं. साधा प्रोसेसर म्हणजे एक हुशार विणकर; फार चपळ, पण एका वेळी एकाच मागावर बसणारा. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे चित्रप्रक्रियक, मुळात पडद्यावर खेळांची चित्रं रंगवायला केलेला. त्यात हजारो साधे विणकर असतात, आणि ते सगळे माग एकदम चालवतात. हवेच्या प्रत्येक चौकोनाला फक्त शेजारच्या चौकोनांशी देणंघेणं असतं, म्हणून हे काम त्यांच्यात छान वाटता येतं. नव्या पिढीचे असे दोन प्रक्रियक त्या पेटीत होते. माणूस जितका वेळ बोलतो, तितक्याच वेळात त्याच्या नसलेल्या गळ्यातली हवा ते मोजून काढत.

माणसाचं जुनं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं असेल तर त्याच्या आवाजाची नक्कल करून देणारी दुकानं एव्हाना गल्लीबोळांत झाली होती. नागनाथकडे तसं काही नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत सगळा बँड होता. म्हणूनच नेत्रांना तो हवा होता: केवळ आकारावरून, केवळ हवेच्या नियमांवरून, आवाज परत आणता येतो का हे त्यांना पाहायचं होतं.

आणि तो आला. पण एक नाही, पाच आले.

"काका, स्कॅनमध्ये आकार दिसतो, ताण दिसत नाही," नेत्रा म्हणाल्या. "तुमच्या स्वरपट्ट्या किती घट्ट होत्या, किती मऊ, ते मला ठाऊक नाही. हे पाचही आवाज तुमच्या गळ्याला शक्य आहेत. त्यांतला तुमचा कुठला, हे ओळखणारं माणूस शोधा."

आपला आवाज आपल्याला कळत नाही का, असं त्यानं विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की आपण स्वतःला कानांनी ऐकतो तसं हाडांतूनही ऐकतो. आपल्याला ठाऊक असलेला आपला आवाज बाहेर कुणीच ऐकलेला नसतो. त्यांनी पेटीला पाच घरांची एक चकती बसवून दिली, ती मधल्या घरावर ठेवली आणि त्या पुण्याला गेल्या.

त्या संध्याकाळी त्यानं पद्मजाला फोन केला. तिचं नाव घेतलं. पलीकडून तिनं सावध आवाजात विचारलं, कोण बोलतंय. त्यानं सांगितलं. हल्ली असे फसवे फोन येतात, माझ्या वडिलांचा फोन तुमच्या हाती कसा आला, असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. त्यानं पुन्हा लावला. या वेळी तो काही बोलला नाही. नखानं फोनवर तीनदा वाजवलं, थांबला, एकदा वाजवलं. ती शाळेत असल्यापासून बापलेकीची ही खूण होती.

"नान्ना?" पद्मजा म्हणाली आणि रडायला लागली. बराच वेळ दोघं बोलले. ती खूश होती, खरंच खूश होती. पण फोन ठेवताना तिनं चाचरत सांगितलं, "नान्ना, पुढच्या वेळी आधी वाजवा, मग बोला. नाहीतर मला तुम्ही वाटत नाही."

त्यानंतरच्या दिवसांत तसंच होत गेलं. बोलताना लोकांना त्याच्याकडे बघायची गरज उरली नाही. रिक्षावाला आरशात न बघता "बसा" म्हणायचा. शेजारचे कोंडा मास्तर पूर्वी चष्मा चढवून त्याच्यासमोर खुर्ची ओढायचे. आता ते पेपर वाचता वाचता हुंकार देत. कुणाचं काही चुकत नव्हतं. सगळी माणसं एकमेकांशी अशीच बोलतात. नागनाथ ते विसरून गेला होता, इतकंच. घरी आल्यावर तो पेटी काढून ठेवी आणि अंबूबाईच्या फोटोसमोर नुसते ओठ हलवी.

आपला आवाज ओळखणारं माणूस मिळालं तर हे बदलेल, असं त्यानं मनाशी धरलं. हा बोलतोय तो नागनाथच, असं एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं. भाऊबंद उरले नव्हते. कारखान्यातल्या लोकांना त्याचे ओठ ठाऊक होते. राहता राहिला राजाराम गड्डम. पाळी सुटल्यावर दोघं घरापर्यंत चालत यायचे आणि कानातला खडखडाट ओसरला की तोंड उघडायचे, ते चौकात फाटे फुटेपर्यंत. कारखाना बंद पडल्यावर राजाराम सुरतेला गेला. आता तो परत आलाय, विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, मुलाकडे असतो, असं मास्तरांकडून कळलं होतं. काचबिंदूनं त्याचे डोळे गेले, हेही कळलं होतं.

दुपारी नागनाथ तिथे पोचला. सून कामावर गेलेली, दार उघडं. राजाराम खाटेवर बसून रेडिओ ऐकत होता. नागनाथ आत गेला आणि म्हणाला, "राजाराम."

"कोण?"

"मी नागनाथ. म्याकल."

राजारामनं रेडिओ बंद केला. त्याचा चेहरा उतरला. "नाग्याला आवाज नाही," तो म्हणाला. "तू कोण आहेस बाबा? नाग्या गेला का? ते सांगायला आलास?"

नागनाथ घाईघाईनं सगळं सांगू लागला: पेटी, पुण्याच्या बाई, हवेचं गणित. राजाराम मान हलवत राहिला. शब्द जितके वाढले तितका तो आक्रसत गेला. शेवटी नागनाथ बोलायचा थांबला, खाली बसला, गळ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि राजारामचा हात धरून त्या भोकासमोर नेला. ऊबदार श्वास राजारामच्या तळहातावर आला, गेला, पुन्हा आला. बोटांनी त्यानं भोकाची कड चाचपली, मग हनुवटी, मग कानामागचा लहानपणीच्या जखमेचा उंचवटा.

"नाग्या बे," तो म्हणाला. बराच वेळ त्यानं हात काढला नाही.

मग काम सुरू झालं. नागनाथनं चकती पहिल्या घरावर आणली आणि पूर्वी वाटेनं बोलायचे तसं काही बोलू लागला: मुकादमाच्या नकला, भाजीचे भाव, कुणाच्या लग्नात काय झालं ते. पहिला आवाज राजारामला पोरगेला वाटला. दुसरा ऐकून तो हसला. हा कीर्तनकाराचा, म्हणाला. तिसऱ्याला त्यानं हात हलवला. चौथ्या घरावर नागनाथ बोलू लागला तेव्हा राजाराम ताठ बसला. डोकं एका बाजूला कललं.

"हाच," तो म्हणाला. "हाच तुझा."

नागनाथचा हुंदका गळ्याच्या भोकातून निःशब्द निघून गेला. पेटी फक्त शब्द मोजायची, रडणं तिला ठाऊक नव्हतं. त्यानं लगेच फोन काढला आणि नेत्रांना चौथा आवाज कायमचा करायला सांगावं म्हणून नंबर शोधू लागला.

"थांब," राजाराम म्हणाला.

मग त्यानं सांगितलं की आपण खोटं बोललो. चार आवाज ऐकले, आणि नाग्याचा आवाज कसा होता हे आपल्याला एकाही वेळी आठवलं नाही. काय बोलायचास ते सगळं आठवतं, कुठल्या वळणावर काय म्हणालास तेही आठवतं. पण कानात आठवायला गेलं की माग ऐकू येतात. तू वाट बघत होतास, तुझा श्वास अडकल्याचं कळत होतं, म्हणून हो म्हणून टाकलं.

नागनाथनं फोन खिशात ठेवला. म्हणजे आता कुणीच नव्हतं. तो आवाज शेवटचा कुणाच्या तरी डोक्यात असेल, तर तो अंबूबाईच्या, आणि तो तिच्याबरोबर गेला होता. त्याला पेटी काढून टाकावीशी वाटली. हात बटणाकडे गेलाही. पण त्यानं ते बंद केलं असतं, तर समोर बसलेल्या या माणसासाठी तो खोलीतून उठून गेल्यासारखाच झाला असता. ओठ बघायला राजारामला डोळे नव्हते. सुमनबाई, मास्तर, रिक्षावाला, सगळ्यांना त्याच्याकडे न बघता चालत होतं. राजारामला बघताच येत नव्हतं, आणि तरी मघापासून सगळा चेहरा त्याच्याकडे वळवून बसला होता तो एकटाच.

"रागावलास?" राजारामनं विचारलं.

"नाही."

"मग बोल की. गप्प बसलास की तू आहेस का गेलास, कळत नाही मला."

नागनाथनं विचारलं, काय बोलू. कुठल्या आवाजात बोलू. खरा कुठला ते आता कळायचं नाही.

राजारामनं चाचपत हात पुढे केला. पेटी त्याच्या हाताला लागली. पंख्याची बारीक थरथर त्यानं बोटांखाली अजमावली.

"खरा कुठला ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुझा तुला कुठला आवडला?"