पंखाचा प

"हे बाबांनी लिहिलेलं नाही." कोशकाराच्या लेकीने टाइप केलेलं पत्र तपासनीस बाईंपुढे ठेवलं.

विज्ञानाच्या शब्दकोशावर तिने वडिलांसोबत अकरा वर्षं डोळे फोडले होते. महिन्यापूर्वी वडिलांची वाचा आणि उजवा हात गेला. आता हे पत्र: 'लेपिडॉप्टेरा या नोंदीपासून पुढचं सारं काम सहसंपादकांचं. मुखपृष्ठावर लेकीचं नाव नको.' छपाई उद्या होती.

"सही अस्सल दिसते," बाईंचे तपासातले जोडीदार, निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

"बाबा कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचे. प्रकाशक आणि सहसंपादक, दोघांनाही ठाऊक आहे."

बाई मात्र ओळीची कड बघत होत्या. तिथे शब्द दोन ओळींत तुटला होता: वर 'लेपिडॉप्-', खाली 'टेरा'.

"ओळीत मावला नाही तर बाबा शब्द कसा तोडायचे?" बाईंनी विचारलं.

लेक हसली. "लहानपणी मी हेलिकॉप्टर चुकीचं तोडलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. हेलिको म्हणजे फिरकी, प्टर म्हणजे पंख. पंखाचा प पंखाकडेच राहिला पाहिजे!"

प्रकाशकाच्या टेबलावर त्याने स्वतः टाइप केलेल्या सूचना होत्या, उजवी कड वेडीवाकडी. "शब्द तोडायचा? छे! मावला नाही तर अख्खा खाली."

सहसंपादकाने टेबलावर बोटं वाजवली. "हे-लि-कॉप्-टर. कान सांगेल तिथे तोडायचं. म्हातारबुवा उगाच मुळं उकरत बसायचे."

पोस्टमास्तरांना वाटलं, बाई भलत्याच नादाला लागल्या.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना आजाऱ्याच्या खोलीत बोलावलं.

"लेपिडो म्हणजे खवला, प्टेरा म्हणजे पंख. फुलपाखरांचा गण. कोशकार आणि त्यांची लेक डॉ-नंतर तोडतील. प्रकाशक तोडणारच नाहीत. इथे शब्द कानाने तोडलाय." त्या सहसंपादकाकडे वळल्या. "सही केलेला कोरा कागद तुमच्या हाताशीच होता."

"टाइप करताना म्हातारबुवांचीच चूक झाली असेल!" सहसंपादक उसळला.

बाईंनी पत्र म्हाताऱ्यापुढे धरलं आणि डाव्या हातात पेन्सिल दिली. म्हाताऱ्याने ते सावकाश वाचलं. चेहरा लालबुंद झाला. पोस्टमास्तरांना वाटलं, आता लेकीबद्दलची ओळ खोडणार.

त्याने आधी 'प्' खोडला आणि खाली 'टेरा'च्या सुरुवातीला नेऊन बसवला. सहसंपादकाने मान खाली घातली.

मग म्हाताऱ्याने पेन्सिल लेकीच्या हातात दिली आणि पत्रातल्या 'लेकीचं नाव' या शब्दांवर बोट ठेवलं. 'नको' तिने स्वतःच खोडलं.