वरच्या मजल्यांची तक्रार

"दुकानाची मालकीण कोण?" दार ढकलून आलेल्या उंच तरुणाने एका हाताने कागद पुढे केला आणि दुसऱ्या हाताने नाक धरलं.

"मीच. आणि नाक सोडा, साहेब... कापून नाही घेणार मी!" उन्सोल म्हणाली.

कोरियातल्या छंगजू शहराच्या त्या गल्लीत पाच टेबलांचं दुकान थाटून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. आईच्या पद्धतीचं घरगुती जेवण, आणि त्यात छंगगुकजांग — आंबवलेल्या सोयाबीनचं रटरटतं कालवण. त्याचा वास चार मजले चढायचा. कागदात वरच्या रहिवाशांचं म्हणणं एकच, कालवण बंद करा, नाहीतर गाळा सोडा. शुक्रवारी सभा होती, आणि चौथ्या मजल्यावरचा हा गिबोम त्यांचा चिटणीस.

"वाचला कागद. आता बसा," उन्सोल म्हणाली. " उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

तो बसला. पहिला घास घेतला... आणि आणखी एक वाटी मागताना तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो 'उत्तर न्यायला' आला. तिसऱ्या दिवशीही.

"उत्तर कालच दिलं ना?"

"ऐकू नाही आलं... तोंडात घास होता!"

तिला हसू आवरेना. मेला दिसायला गोड होता, आणि पानात काही टाकत नव्हता! तोवर 'तुम्ही'चं 'तू'ही होऊन गेलं होतं.

गुरुवारी मात्र त्याने घोळ घातला. "एवढं एकच कालवण फळ्यावरून पुसून टाक ना. दुकान वाचेल... तू इथेच राहशील."

"आईने हेच विकून मला वाढवलं. लोक नाकं मुरडतात म्हणून तिलाच पुसू?" तिची मान ताठ होती. "जा तू!"

शुक्रवारी ती वाफाळतं भांडंच घेऊन सभेत गेली आणि सगळ्यांसमोर झाकण काढलं. "हाच तो वास. बंद होणार नाही. करा मतदान!"

तिच्या बाजूने सगळ्यात आधी चिटणिसाचा हात वर झाला. तरी ती सात मतांनी हरली.

शनिवारी ती सामान बांधत होती, तेवढ्यात तो दारात आला. "चुकलो मी. तसं बोलायला नको होतं." मग चाचरत म्हणाला, "बाजारामागे एक गाळा रिकामा आहे..."

"आणि वरचे रहिवासी?"

"वर एकच खोली आहे. ती मी घेतली. आज सकाळी."

"वास येईल. कपड्यांना, अंथरुणाला..."

"येऊ दे. उन्सोल, मला तू आवडतेस. कालवणासकट."

मग सगळ्यात जड मडकं तिने त्याच्या हातांत दिलं.

"मलाही तू आवडतोस. आता उचल! उद्या दुपारी तिथे कालवण रटरटलंच पाहिजे."